तणावानंतर कीर्तनकार, मौलाना आणि कलावंत यांना एकत्र आणण्याबाबत मार्गदर्शन हवे

बोरीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. गेल्या वर्षी मिरवणुकीच्या मार्गावरून आमच्याकडे वाद झाला, दगडफेक झाली आणि काही दुकाने व हातगाड्या जळाल्या. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. बाजार आठवडाभरात सुरू झाला, पण माणसे पूर्वीसारखी झाली नाहीत. कानबाईच्या सणाआधी आमच्या गल्लीत बांगड्या भरायला येणाऱ्या मणियार चाची या श्रावणात आल्या नाहीत, आणि त्यांना बोलवायलाही आमच्यापैकी कोणी गेले नाही.

आम्हा काही जणांच्या मनात असे आहे की गावातील कीर्तनकार महाराज, मशिदीचे इमाम साहेब, एक कव्वाल आणि वहीगायन या खानदेशी लोकगायनाचे मंडळ यांना एका व्यासपीठावर आणावे. मात्र अशा कार्यक्रमांत शाल-श्रीफळ आणि भाषणे होतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत होते, असेही पाहिले आहे. धर्मगुरू आणि कलावंत यांच्यामुळे मने खरोखर सांधली जातात का? आणि जात असतील, तर सुरुवात कशी करावी?

निवृत्त_मास्तर

आपण योग्य वेळी विचारलेत. साने गुरुजी आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, म्हणून त्यांचेच उदाहरण देतो. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले व्हावे याकरिता त्यांनी मे 1947 मध्ये केलेले उपोषण सर्वांना ठाऊक असते. पण त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव फिरत होते आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक गाणी घेऊन लोकांपुढे जात होते, हे फारसे सांगितले जात नाही. तो प्रश्न जातीचा होता, दोन धर्मांमधला नव्हता, हे मान्य. तरीही लोकांच्या मनाची मशागत आधी झाली आणि निर्वाणीचे पाऊल नंतर उचलले गेले, हा क्रम मला आपल्या प्रश्नासाठी मोलाचा वाटतो. आपण व्यासपीठापासून सुरुवात करू पाहत आहात. माझ्या मते व्यासपीठ शेवटी यावे.

आणखी एक उदाहरण दूरचे आहे, पण फार नेमके आहे. बोस्नियातील युद्ध संपल्यावर 1996 मध्ये सारायेव्हो येथे इव्हो मार्कोविच या फ्रान्सिस्कन संघाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी ‘पोंटानिमा’ नावाचे गायकवृंद उभे केले. त्यात कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, मुस्लिम आणि ज्यू अशा चारही परंपरांची भक्तिगीते गायली जातात. ज्यांच्याशी कालपर्यंत युद्ध होते त्यांचे स्तोत्र स्वतःच्या गळ्यातून काढायचे, त्याचे शब्द पाठ करायचे आणि त्यातला स्वर चुकला तर पुन्हा म्हणायचे, ही गोष्ट शेजारी बसून टाळ्या वाजवण्याहून कितीतरी अवघड आहे. म्हणून महाराजांनी आपले म्हणावे आणि कव्वालांनी आपले, एवढ्यावर थांबू नये. दोघांनी मिळून एखादी रचना बसवावी.

हार्मोनियम_चोपडा

मास्तरांच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडतो. काही वर्षांपूर्वी आम्ही शेजारच्या गावात भजनी मंडळ आणि कव्वालीची पार्टी यांचा एकत्र कार्यक्रम बसवला होता. तालमी शाळेच्या खोलीत व्हायच्या. पहिले तीन दिवस स्वर ठरवण्यातच गेले, कारण आमचे बुवा काळी दोनमध्ये गायचे आणि कव्वालांना ती पट्टी फार खाली वाटायची. चौथ्या दिवशी पखवाज बोलेना, कारण डाव्या तोंडाला लावायची कणीक आणायची राहून गेली होती. शाळेमागचे घर एका मुस्लिम पिंजारी कुटुंबाचे होते. ढोलकवाला मुलगा धावत गेला आणि तिथल्या आजींकडून वाटीभर कणीक घेऊन आला. दुसऱ्या दिवसापासून आजी न सांगता कणीक मळून ठेवू लागल्या आणि दाराशी बसून तालीम ऐकू लागल्या.

कार्यक्रम एकाच रात्रीचा झाला, पण तालमी सव्वा महिना चालल्या. मला विचाराल तर जे काही घडले ते त्या सव्वा महिन्यात घडले. वेळा ठरवताना नमाज आणि हरिपाठ या दोन्हींचा विचार करा. आमच्याकडे सुरुवातीला तो न झाल्यामुळे विनाकारण गैरसमज झाले होते.

भुसावळची_शाहीन

सर्वांचे विचार मनापासून वाचले. मला थोडे वेगळे सांगायचे आहे, कृपया राग मानू नये. आमच्या गावात असाच तणाव झाला तेव्हा माझ्या मामूंची फळांची हातगाडी जळाली. दोन महिन्यांनी एका सद्भावना कार्यक्रमात त्यांना पुढे बसवले, हार घातला आणि एकतेचे गीत झाले. पण गाडी नव्याने कशी उभी राहील, हे त्या दिवशी किंवा नंतर कोणीही विचारले नाही. मामू घरी आले, हार खुंटीला लावला आणि जेवले नाहीत. तेव्हापासून अशा कार्यक्रमांचे नाव काढले की ते उठून आत जातात.

नायजेरियातील कडुना शहराचे इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये यांच्याविषयी मी बरेच वाचले आहे. हे दोघे एकमेकांविरुद्ध लढलेले होते. 1992 च्या दंगलीत पास्टरांचा उजवा हात गेला, तर इमामांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. 1995 मध्ये त्यांनी एकत्र काम सुरू केले, तेव्हाही मनातला राग संपलेला नव्हता. आज त्यांचे शब्द लोक ऐकून घेतात, कारण त्या दोघांनी काय गमावले ते सर्वांना माहीत आहे. म्हणून माझी विनंती अशी की महाराज आणि इमाम साहेब यांनी प्रथम ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या घरी, दोन्ही बाजूंच्या घरी, एकत्र जावे. सोबत कॅमेरा नसावा. समोरचा जे बोलेल ते फक्त ऐकावे, मध्ये समजूत घालू नये. गाणे त्यानंतर.

सातपुडा_यावल

शाहीन ताईंशी पूर्ण सहमत आहे. एक छोटी सूचना करतो. मी तडवी, म्हणजे इस्लाम मानणाऱ्या भिल्ल आदिवासी समाजाचा आहे. आमच्याकडे पूजेच्या आणि लग्नाच्या काही रीती अशा आहेत की बाहेरचा माणूस गोंधळून विचारतो, तुम्ही नेमके कोण? त्यामुळे निमंत्रण देताना गावात दोनच समाज आहेत असे धरून चालू नका. शिवाय निवेदन आपल्या भागाच्या बोलीत, म्हणजे अहिराणीत ठेवा. घरी उर्दू बोलणारी माणसेसुद्धा बाजारात अहिराणीच बोलतात, आणि भांडणानंतर पहिला शब्द बोलताना ती भाषा जवळची वाटते.

बोरीकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. शाहीन ताई, आपल्या मामूंबद्दल वाचून फार वाईट वाटले. आज सायंकाळी महाराजांशी बोललो, आणि ते इमाम साहेबांसोबत घरोघरी यायला तयार आहेत. कार्यक्रमाची तारीख आम्ही तूर्त रद्द केली आहे. गाड्या जळालेल्या तिघांची नावे काढली असून त्यांतील एकाने अजूनही धंदा सुरू केलेला नाही, त्यामुळे वर्गणी आधी तिकडे जाईल. चाचींच्या घरी उद्या माझी आई आणि वहिनी जाणार आहेत.

चोपड्याचे दादा, पखवाज आमच्याकडे आहे. ढोलक वाजवणारे कोणी अमळनेर-पारोळा भागात आपल्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.