जपान्यांच्या कैदेत वारलेल्या आमच्या लहान बाबाजींची तारीख कुठं मिळेल?

आर्वीकर
नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, घर शेतकऱ्याचं. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही लहान बाबाजी म्हणतो, दुसऱ्या महायुद्धात फौजेत ड्रायव्हर होते. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, त्यात सापडले. परत आले नाहीत. लहान आजीच्या पेटीत एक कागद आहे, वाळवीनं अर्धा खाल्लेला. त्यावर 'आरआयएएससी', नंबराचे शेवटचे आकडे, 'प्रिझनर ऑफ वॉर' आणि १९४४ एवढंच वाचता येतं.

ते गेले तेव्हा कापसाला भाव नव्हता आणि नदीकडचं वावर सावकाराकडे गहाण होतं. कामठीला भरती आहे असं कळलं, घरी न सांगता निघून गेले. मग एकदम मनीऑर्डरच आली. त्या पैशांनी वावर सुटलं. आज त्याच वावरात माझी तूर उभी आहे, म्हणून हे सगळं मला जुनं वाटत नाही.

लहान आजीनं शेवटपर्यंत त्यांचं पान वाढू दिलं नाही. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या पितरांच्या घागरी भरायची, त्यांची नाही. "मेलेला पाह्यला का कोनं? मंग पान कायले वाढता?" असं विचारायची. तिच्या पाठीमागे आम्ही सर्वपित्री अमावास्येला पान वाढतो, कारण तिथी माहीत नाही. माझे वडील आता थकले आहेत. त्यांना ती तिथी हवी आहे.

दुसरं असं की शाळेजवळ ग्रामपंचायत हुतात्म्यांचा स्तंभ बांधते आहे. तिथं बाबाजींचं नाव लावावं असं मी सुचवलं. काही जण नको म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

माजी सुभेदार, अकोला
भाऊ, आरआयएएससी म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोर. रसद पोचवणारं दल. ड्रायव्हर होते म्हणता, ते बरोबर जुळते.

सिंगापुरात आपले चाळीसेक हजार जवान कैद झाले. १७ फेब्रुवारीला फॅरर पार्कच्या मैदानावर त्यांना गोऱ्यांपासून वेगळं काढून जपान्यांच्या ताब्यात दिलं. कॅप्टन मोहनसिंगांच्या आझाद हिंद सेनेत बरेच गेले, बरेच गेले नाहीत. जे गेले नाहीत त्यांच्यातल्या हजारोंना पुढं जहाजात कोंबून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटन बेटाकडे पाठवलं. तिथं धावपट्ट्या बांधा, रस्ते खोदा, ओझी वाहा. दोस्त राष्ट्रांनी जपान्यांची जहाजं बुडवायला सुरुवात केली तसं अन्न तुटलं. मलेरिया, बेरीबेरी, हगवण, आणि वरून मारहाण. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन फौजेनं उरलेल्यांना सोडवलं, नंतर न्यू ब्रिटनमधल्या रबौलला जपानी अधिकाऱ्यांवर खटलेही चालले.

पण १९४४ आहे म्हणून न्यू गिनीच असं धरू नका. कितीतरी कैदी सिंगापूर-मलायातच वारले. आणि ते आझाद हिंद सेनेत होते की नव्हते हे कागद सापडल्याशिवाय घरात ठरवू नका. दोन्हीकडचे जवान एकाच छावणीतले होते, हे आम्ही फौजी विसरत नाही.

बुलडाण्याची लेक
माझ्या आईच्या मामांचं नाव असंच शोधलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शहीद शोधायची सोय आहे, फुकट. आडनाव टाकून शोधू नका. त्या काळच्या नोंदीत बरेचदा एकच नाव असतं, पुढं बापाचं, बायकोचं नाव आणि गाव-जिल्हा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग जमेल तेवढ्या तऱ्हांनी टाका, अमरावतीचं 'Amraoti' केलेलं असतं. दल, साल आणि 'भारतीय सैन्य' निवडलं की यादी छोटी होते. मग तुमच्या नंबराचे शेवटचे आकडे जुळवा. तारीख तिथंच दिसेल.

नाव सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर निघण्याची शक्यता मोठी. ज्यांची कबर माहीत नाही अशा २४,००० हून अधिक जणांची नावं तिथं भिंतींवर कोरली आहेत. मागच्या बाजूला दहन झालेल्या सुमारे ८०० जणांचं वेगळं स्मारक आहे, त्यात बहुतेक आपलेच. न्यू गिनीकडचे असतील तर लाए आणि रबौलजवळचं बिटा पाका इथल्या युद्ध-दफनभूमींच्या नोंदी बघा. तारीख मिळाली की जुन्या पंचांगातून तिथी कोणताही गुरुजी काढून देईल.

आष्टीचा
मनापासून सांगतो, राग नसावा. आमच्याकडं १६ ऑगस्ट १९४२ ला लोकांनी पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला जाऊन गोळ्या खाल्ल्या. त्याच वर्षी इंग्रजांचा पगार घेणाऱ्याचं नाव त्याच दगडावर? मला पटत नाही.

आर्वीकर
सुभेदार साहेब, ताई, तुमचे उपकार आहेत.

आष्टीच्या दादा, राग अजिबात नाही. आष्टी-चिमूरच्या हुतात्म्यांना आमच्या घरातही हात जोडतात. त्यांच्या ओळीत बाबाजींना बसवा असं मी म्हणत नाही. त्यांनी देशासाठी जीव दिला असंही म्हणणार नाही. ते वावरासाठी गेले, भावांसाठी गेले. पण या गावचा एक माणूस परक्या मुलखात उपाशी, कैदेत मेला आणि गावात त्याचं नाव कुठंच नाही, हे मला सहन होत नाही. म्हणून आता वेगळी पाटी मागणार आहे. नाव, बापाचं नाव, गाव, आणि 'युद्धकैदी असताना मृत्यू'. ग्रामपंचायत नाही म्हणाली तर आमच्या वावराच्या धुऱ्यावर लावीन, रस्ता तिथूनच जातो.

ताई, यादी काढली. बापाचं नाव आणि वर्धा जिल्हा जुळणाऱ्या दोन नोंदी आहेत, दोन्ही १९४४ च्या, एक मे महिन्यातली, एक सप्टेंबरमधली. नंबराचा शेवटून तिसरा आकडा १ आहे की ७, यावर सगळं अडलं आहे. कागदाचा फोटो खाली टाकतो आहे. जुन्या लष्करी कारकुनांचं अक्षर वाचायची सवय असलेल्या कोणी बघाल का?

माजी सुभेदार, अकोला
फोटो पाहिला. मला ७ वाटते, पण शाई फुटली आहे. कागद उन्हात धरू नका, खिडकीच्या उजेडात तिरपा धरून पुन्हा काढा, आणि मागची बाजूही पाठवा. टाकाचा दाब मागून दिसतो.