सांगली : जुन्या वस्तूंचे दुकान बंद असताना माल मोडीत घालावा का?

गावभागकर (14 मे 2021)

नमस्कार. सांगलीच्या गावभागात जुन्या घरगुती वस्तूंच्या खरेदी-विक्रीचे माझे लहानसे दुकान आहे. एखाद्या वाड्याची वाटणी झाली किंवा पाडकाम निघाले की तेथून पितळी डबे, घंगाळी, पाणी तापवायचे बंब, पानाचे डबे, शिसवी पाट, व्हॉल्व्हचे रेडिओ आणि ग्रामोफोनच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, असा हा अकरा वर्षांचा व्यवसाय आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले तेव्हा लाकडी माल निम्मा फुगून वाया गेला. त्यातून सावरतो तोच 2020 ची टाळेबंदी आली आणि यंदा एप्रिलपासून शटर पुन्हा खाली आहे. घंगाळे ही अत्यावश्यक वस्तू नव्हे, हे मलाही मान्य आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत बँकेचे हप्ते थांबवण्याची मुभा होती, तशी सरसकट सवलत यंदा नाही. दुकानभाडे 9,000, कॅश क्रेडिटचे (दुकानासाठी बँकेकडून घेतलेल्या उचलीचे) व्याज सुमारे 2,500 आणि मदतनीस मुलाचे 8,000 असा महिन्याचा खर्च आहे. शिल्लक जेमतेम दोन महिन्यांची. अशातच मोडीचा एक व्यापारी रोज फोन करतो आणि दुकानातील तांबे-पितळ, अंदाजे 140 किलो, एकदम उचलायची तयारी दाखवतो. दिले तर तीन महिने निभावतील. पण तसे बंब आणि घंगाळी पुन्हा हाती लागणार नाहीत. आपण काय केले असते?

पोवईनाका (14 मे 2021)

मी साताऱ्यात हाच व्यवसाय करतो. तांब्याचा भाव खरोखरच कधी नव्हे इतका चढला आहे. लंडनच्या बाजारात याच महिन्यात ते टनाला 10,000 डॉलरच्या वर गेले, त्यामुळे त्या व्यापाऱ्याची घाई समजण्यासारखी आहे. तरीही सगळा माल एकाच तराजूत घालू नका. चिरलेले, डाग दिलेले (झाळून सांधलेले), झाकण हरवलेले आणि बिननावाचे जे आहे ते आज मोडीत जाऊ द्यावे. दुकान उघडल्यावरही त्याला याहून चांगला भाव मिळेल असे मला वाटत नाही. ज्या भांड्यांवर ठोक्यांनी नाव, गाव आणि साल घातलेले आहे ती मात्र बाजूला काढा. पुण्या-मुंबईचा ग्राहक अशा भांड्याचे वजन विचारत नाही, तो अक्षरे वाचतो. बंबाचे म्हणाल तर जाळी, तोटी, झाकण आणि आतली नळी शाबूत असेल तरच तो बंब. नळी गेलेली असेल तर ते नुसते तांबे समजावे.

वजन करताना तांबे आणि पितळ वेगवेगळे घाला आणि लोखंडी कड्या आधी स्वतः काढून ठेवा, कारण कड्या, कल्हई आणि डाग यांच्या नावाखाली वजनातून जी घट धरली जाते तिच्यातच मोडीवाल्याचा खरा नफा असतो. (मी पहिल्या वर्षी 30 किलोंवर साडेचार किलो घट मुकाट्याने दिली होती.) शिवाय वेळ आहे म्हणून सगळी भांडी चिंच-मिठाने लख्ख करत बसू नका, घालून ठेवलेली नावे त्याने बोथट होतात.

खतावणी (15 मे 2021)

मी हिशेबनीस आहे, म्हणून बँकेपुरते आणि करापुरते लिहितो. रिझर्व्ह बँकेने 5 मे रोजी लहान व्यावसायिकांच्या कर्जांच्या पुनर्रचनेची योजना जाहीर केली आहे. आपले खाते 31 मार्च 2021 रोजी थकीत वर्गात गेलेले नसेल आणि पूर्वी त्याची पुनर्रचना झालेली नसेल, तर 30 सप्टेंबरपूर्वी शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मंजुरी आपोआप मिळत नाही आणि व्याजही माफ होत नाही. मात्र साचलेले व्याज वेगळ्या कर्जात घालून पुढे फेडण्याची सोय होऊ शकते.

सध्याच्या आदेशानुसार ऑनलाइन विक्रीतही केवळ अत्यावश्यक वस्तू पोहोचवता येतात, तेव्हा घरपोच विक्रीचा विचार आत्ता नको. पुढेही एक ध्यानात ठेवा: उलाढाल 40 लाखांच्या आत असल्याने आपली जीएसटी नोंदणी नसेल, तर माल महाराष्ट्राबाहेर विकता येणार नाही आणि सध्याच्या (मे 2021 च्या) नियमानुसार मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवरही नोंदणीशिवाय विक्री करता येत नाही. नोंदणी केलीच, तर जुन्या मालावर ठरावीक अटींत खरेदी आणि विक्रीच्या किमतींतील फरकावरच कर भरण्याची तरतूद आहे.

तबकडीवाला_मिरज (15 मे 2021)

ग्राहक म्हणून लिहितो. गेल्या वर्षभरात मी चार रेडिओ आणि बऱ्याच तबकड्या दुकानात पाऊल न टाकता घेतल्या, कारण विकणाऱ्याने रेडिओ लावून त्याचे चित्रण पाठवले होते आणि तबकडीवरचा चरा लपवला नव्हता. माल आत्ता पोहोचवता येत नसला तरी तो राखून ठेवता येतो. किमतीचा चौथा हिस्सा आगाऊ घ्या आणि बाकी दुकान उघडल्यावर घ्या. आगाऊ घेताना सावध राहा. ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी म्हटले की बोलणे तेथेच थांबवावे, कारण पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

गावभागकर (19 मे 2021)

सर्वांचे आभार. तीन दिवस माल निवडत होतो. मोडीला 61 किलो निघाले. कड्या काढून, तांबे आणि पितळ वेगळे घालून दिले आणि घट अर्ध्या किलोच्या वर धरू दिली नाही. पाच बंबांपैकी दोनच पूर्ण निघाले, हे मात्र जिव्हारी लागले. बँकेत अर्ज दिला आहे. घरमालक निम्मे भाडे दिवाळीपर्यंत थांबायला तयार झाले, पण त्याबदल्यात त्यांच्या माडीवरची खोली मी साफ करून द्यायची आहे. ते माझ्या पथ्यावरच पडले, कारण पुन्हा पूर आला तर भिजू नयेत म्हणून जूनच्या आत रेडिओ, तबकड्या आणि पाट तिथेच वर न्यायचे ठरवले आहे. तबकड्या वर पत्र्याखाली ठेवल्या तर उन्हाने वाकतील का, एवढे मिरजकरांनी सांगावे.

तबकडीवाला_मिरज (19 मे 2021)

वाकतील. पत्र्यापासून लांब, आतल्या भिंतीला, उभ्या लावा.