सांबार घेऊन ये म्हटलं की…

काल नागपूरच्या गोकुळपेठ बाजारात भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "घ्या ताई, सांबार ताजा आहे," आणि मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकली. मी तिथंच उभी राहिले. २००३ साली लग्न होऊन साताऱ्याहून इथं आले. दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "भाजीत थोडा सांबार टाकजो." मी कुकरला डाळ लावली, चिंच भिजवली. थोड्या वेळानं त्या आत आल्या, सगळं पाहिलं, काही बोलल्या नाहीत. जुडी निवडून स्वतःच भाजीवर घातली आणि रात्री ते माझं सांबार सगळ्यांना भातावर वाढलं, "सुनेनं केलं" म्हणून. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. तुमच्याकडे आहे का असा एखादा शब्द? लिहा ना.

बर्डीवाली: डोळे भरले ग. सांबारवडी येते का तुला आता?

इतवारीचा पोट्टा: पुण्यात होस्टेलवर फोनवर आईला "जेवून राहिलो" म्हटलं तर रूममेट विचारे, जेवून कुठं राहिला? मग चार वर्षं मी घरचा फोन गच्चीवर जाऊन घेत होतो. आता वाईट वाटते त्याचं.

महालकर काका: अरे बेटा, चूक नाही ते. हिंदीतल्या 'खा रहा हूँ'ची बहीणच आहे ती. १८६१ ला मध्य प्रांत झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं, मराठी-हिंदी दोन्ही मुलखांची. कचेरीत, बाजारात दोन्ही भाषा एकाच तोंडात. खुशाल बोल.

इतवारीचा पोट्टा: हाव काका 🙏

रानवारा: आणि गंज?? आमच्याकडे गंजात, म्हणजे पातेल्यात, दूध तापते. मुंबईची वहिनी घाबरलीच.

अकोल्याची लेक: माझी आजी ळ म्हणतच नसे. डोया, काया, पोया. शाळेत बाईंनी माझा 'य' सुधरवला, चांगलंच केलं असेल, पण आजीशी बोलताना मी शुद्ध बोलायला लागले आणि ती गप्प राहू लागली. हे कोणाला कधी सांगितलं नव्हतं. कुकर झाला, येते.

बर्डीवाली: 🫂

रानवारा: पोया वरून आठवलं, यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला कोण येऊन राहिलं? काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ ची. दरवर्षी बडगे, म्हणजे चालू गोष्टींवर टोमणा मारणारे पुतळे, नवे, महागाईचा तर ठरलेलाच. माझी मुलगी बंगलोरहून खास येते, "घेऊन जा गे मारबत" ओरडायला. वर्षभराचं सगळं निघून जाते म्हणते.

इतवारीचा पोट्टा: आमच्या गॅलरीत या काकू, वरून मस्त दिसते. पण सकाळीच या, नंतर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

धागाकर्ती: @बर्डीवाली येते सांबारवडी, त्यांनीच शिकवली. पण तळताना फुटते अजून.

बर्डीवाली: सांबार धुवून रात्रभर कापडावर पसरून ठेव, अगदी कोरडा झाला पाहिजे. ओल राहिली की फुटतेच. खसखस भाजून घालतेस ना?

धागाकर्ती: हो, आणि सुकं खोबरं. त्या दुपारीच पसरून ठेवायच्या, पंख्याखाली, जुन्या धोतरावर.

बर्डीवाली: मग बरोबर. धोतरच घे.