मदत हवी आहे: रेंजफाइंडर खोटं बोलतोय की मलाच तो वाचता येत नाही?

पाऊलवाट:
मंडळी, जरा अडलोय. दोन-अडीच वर्षं कंपाउंड धनुष्याचा सराव चालू आहे आणि यंदा पहिल्यांदाच शिकारीचा परवाना मिळाला. आजवर अंतराचं सगळं अंदाजपंचे चालायचं. आता जिवंत जनावरासमोर तसं चालणार नाही, म्हणून लेसर रेंजफाइंडर घेतला. तीन आठवडे झाले आणि माझा त्याच्यावरचा विश्वास रोज थोडा थोडा उडतोय.

परवा संध्याकाळी झुडपांच्या रांगेपलीकडे हरीण उभं होतं. मान आणि खांदा दिसत होता, बाकी पानांआड. बटण दाबलं, ३८. खात्री करावी म्हणून पुन्हा दाबलं, ६१. तिसऱ्यांदा ३९. चौथ्यांदा नुसत्या रेघा. तेवढ्यात त्याने कान टवकारले आणि ते निघून गेलं. बाण सोडला नाही, एवढं एक बरं केलं.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या मैदानावर फितीने मोजून ३०, ४० आणि ५० मीटरवर खुंट्या ठोकल्या. यंत्र म्हणतं ३३, ४४, ५५. खोक्यावर तर ‘अचूकता एक मीटर’ लिहिलंय. शिवाय पल्ला ९०० लिहिलाय, पण ५०० च्या आसपास चरणाऱ्या जनावरावर धरलं की रेघाच येतात. डोंगरउतारावर दोन आकडे दाखवतो, एक मोठा आणि एक लहान. नेम कुठल्यावर धरायचा?

बदलून घ्यावा का? आणि हा घरगुती कामाला, म्हणजे झाडाची उंची, आवाराची लांबी, खिडकीचं माप, वापरता येतो का? (शिकार चांगली की वाईट हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.)

शंकेखोर:
मीही याच रांगेत. माझा तर पावसात स्वतःच्या नाकासमोरचे ७ मीटर दाखवत होता. वाचतोय.

जुनी_दुर्बीण:
बदलू नका. हरणाच्या वेळी तुमचा रेंजफाइंडर चारही वेळा खरंच बोलला. फक्त तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं नाही.

आतमध्ये काय होतं ते पाहा. बटण दाबलं की अवरक्त लेसरचे बारीक ठोके सुटतात, बहुतेक हौशी यंत्रांत ९०५ नॅनोमीटरचे, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. ते कशावर तरी आपटून परत येतात आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. एक मीटर अंतराला प्रकाशाच्या येण्याजाण्याचा वेळ ६.७ नॅनोसेकंद. म्हणजे यंत्राला हरीण कळत नाही, झुडूप कळत नाही. प्रकाश परत आला की नाही, आला तर कधी, एवढंच कळतं.

आणि हा प्रकाश म्हणजे ताणलेली दोरी नाही, टॉर्चसारखा पसरत जाणारा झोत आहे. एक मिलिरेडियन पसरणारा झोत १०० मीटरवर १० सेंटिमीटर रुंद होतो, ३०० मीटरवर ३०. बऱ्याच यंत्रांचा झोत याहून ऐसपैस असतो, आणि लेसर डायोडच्या आकारामुळे गोल नाही तर आडवा किंवा उभा पट्टा असतो. तुमच्या हरणाच्या वेळी त्या पट्ट्यात पुढची पानं, मधला खांदा आणि मागचं खोड असं सगळंच आलं असणार. हात केसभर हलला की उत्तर बदलतं.

मेनूत ‘पहिलं लक्ष्य’ आणि ‘दूरचं लक्ष्य’ असे दोन मोड आहेत का बघा. पहिला गोल्फवाल्यांसाठी, कारण त्यांना झेंड्याची काठी हवी असते, मागची झाडी नको. शिकारीत उलटं, पुढचं गवत गाळून मागचं हवं. पण दूरचा मोड लावला म्हणून जनावरच मिळेल असं समजू नका. त्याच्या मागे खोड असेल तर खोड मिळेल. मी बटण दाबून धरतो आणि झोत हळूच आडवा फिरवतो. आकडे सरकत जातात: झुडूप, झुडूप, मग मधेच एक वेगळा आकडा, मग मागची झाडं. तो मधला माझा.

मोजपट्टी:
जुनी_दुर्बीण यांना पूर्ण अनुमोदन. पण पाऊलवाट, तुमच्या खुंट्यांचे आकडे वाचून मला हसू आलं, रागावू नका. ३० ला ३३, ४० ला ४४, ५० ला ५५. चूक एकाच गुणोत्तरात वाढतेय. यंत्र बिघडलं असतं तर असं शिस्तीत बिघडलं नसतं. पडद्याच्या कोपऱ्यात आकड्याशेजारी बारीक अक्षर असतं, ते ‘एम’ आहे की ‘वाय’?

एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. ३० मीटरचे ३२.८ यार्ड, ४० चे ४३.७, ५० चे ५४.७. पूर्णांकात मांडा, तुमचेच आकडे येतात.

पाऊलवाट:
‘वाय’ आहे.

तीन आठवडे. मी काहीच बोलत नाही आता.

मोजपट्टी:
अहो, चालायचंच. माझ्या माहितीतल्या एकाने याच कारणावरून अख्खा मोसम धनुष्याच्या साईटला, म्हणजे नेम धरायच्या साधनाला, दोष दिला होता.

तुमच्या ९०० चंही सांगतो. खोक्यावरचा पल्ला साधारणपणे चकाकत्या लक्ष्यासाठी असतो, म्हणजे रस्त्यावरची परावर्तक पाटी वगैरे. झाडाला त्याहून कमी, आणि हरणाला त्याहूनही कमी, कारण केसाळ अंग प्रकाश शोषतं आणि उरलेला चारी दिशांना विखुरतं. चांगला उत्पादक तिन्ही पल्ले वेगवेगळे छापतो. हरणाचा आकडा खोक्यावरच्या मोठ्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास निघाला तर फसवलं म्हणू नका. धनुष्याला तसाही ५० मीटरपलीकडचा आकडा हवाय कशाला?

भर दुपारी पल्ला आणखी घटतो, कारण सूर्याचाच प्रकाश इतका असतो की परतलेला ठोका त्यात ओळखू येत नाही. संध्याकाळी सुधारतो. गंमत अशी की यंत्राला जेव्हा उत्तम दिसतं, तेव्हा आपल्याला आतला काळा आकडा वाचता येत नाही. लाल उजळणारा आकडा असलेलं यंत्र का घ्यावं, त्याचं हे खरं कारण. शंकेखोर, तुमचे ७ मीटर म्हणजे पावसाचे थेंब किंवा भिंगावरचं पाणी. धुक्यातही तेच होतं. काही यंत्रांत पावसाचा मोड असतो तो लावा, आणि आधी भिंग पुसा.

तिरका_उतार:
दोन आकड्यांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी.

एक आकडा तुमच्यापासून लक्ष्यापर्यंतचा तिरका, दुसरा आडवा. बाणावर गुरुत्वाकर्षण किती काम करतं ते आडव्या अंतरावर ठरतं, त्यामुळे साईटची पिन (दर अंतराला वेगळी असलेली नेमाची खूण) आडव्या आकड्याची लावायची. ४० मीटर तिरकं आणि ३० अंशांचा उतार असेल तर आडवं ३४.६ मीटर. तिरक्यावर नेम धरला तर बाण वरून जाईल, मग उतार चढणीचा असो की उतरणीचा. लोकांना वाटतं वर मारताना पिन जास्त अंतराची आणि खाली मारताना कमी. दोन्हीकडे कमीच.

पण मचाणावर बसणाऱ्यांनी याचा फार बाऊ करू नये. ६ मीटर उंचावरून २० मीटर तिरकं म्हणजे आडवं १९.१. फरक एका मीटरच्या आत, तोही यंत्राच्या अचूकतेत बुडून जातो. अगदी पायाशी, १० मीटरवर आलेल्या जनावराला मात्र ८ होतात. कोनाचं हे गणित खरं लागतं ते दरीच्या कडेला.

एक सावधगिरी: ५ मीटरची चूक किती महाग पडते ते स्वतः मांडून बघा. बाण सेकंदाला ८० मीटर जातो असं धरलं आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर ३० ची पिन लावून ३५ वर मारलेला बाण साधारण १३ सेंटिमीटर खाली बसतो. हरणाच्या मर्मस्थानाचा घेर इतका लहान असतो की १३ सेंटिमीटर म्हणजे जखमी जनावर आणि रात्रभर शोधाशोध.

रातवा:
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी ऐन वेळी रेंजफाइंडर काढतच नाही.

बसण्याच्या जागी उजेड असताना पोहोचतो आणि आजूबाजूच्या खुणा मोजून घेतो: तो वाकडा बुंधा २२, दगड ३१, वाटेचं वळण ४०. मनात गोल आखून घेतो. जनावर आलं की ते दगडाच्या अलीकडे की पलीकडे एवढंच बघायचं. ना हाताची हालचाल, ना बटण. बुंधा, दगड, मातीचा कडा अशा उभ्या वस्तू निवडा. जनावराच्या पायाजवळची सपाट जमीन मोजू नका. का ते सांगतो: उभ्याने डोळा १.७ मीटरवर असतो, आणि ६० मीटरवरचा ६ सेंटिमीटरचा झोत जमिनीवर इतका तिरका पडतो की त्याचा डाग दोन मीटर लांब होतो. मग यंत्राने त्यातलं कुठलं टोक पकडलं, देव जाणे.

दुसरं, रोजच्या कामासाठी. यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग मी नजर घासायला केला. चालताना एखादं झाड निवडायचं, आधी आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मगच बटण दाबायचं. क्रम उलटा केला तर काही शिकायला मिळत नाही, आपण मनातल्या मनात ‘हो, मला तेच वाटलं होतं’ म्हणून मोकळे होतो. मी वहीत दोन रकाने केले. महिन्याभरात दिसलं की माझी चूक सारखी एकाच बाजूला होते: पाण्यापलीकडचं आणि सूर्य पाठीशी असताना उजळलेलं मला जवळ वाटतं, कातरवेळेचं आणि अर्धवट झाकलेलं लांब. तुमचं हरीण दुसऱ्या प्रकारातलं होतं.

यंत्र नसताना अंगठा चालतो. हात ताठ, एक डोळा मिटून अंगठा एखाद्या वस्तूवर, मग डोळा बदला. अंगठा जितका आडवा सरकलेला दिसेल त्याच्या साधारण दहापट अंतर, कारण हाताची लांबी दोन डोळ्यांतल्या अंतराच्या दहापट असते. तुमची नक्की दहापट की नऊपट, ते रेंजफाइंडरने एकदा तपासून ठेवा. तो सरकलेला भाग किती मीटरचा हे मात्र आपल्यालाच ओळखावं लागतं. तिथे उभी असलेली गाडी, दरवाजा, माणूस कामाला येतो.

मोजपट्टी:
अंगठ्याला +१. घरगुती प्रश्न राहिला होता. खिडकीला हे यंत्र वापरू नका. एक मीटरची अचूकता म्हणजे पडदा एक तर जमिनीवर लोळेल किंवा गुडघ्याशी लटकेल! शिवाय यातली बरीच यंत्रं पाचेक मीटरच्या आतलं मोजतच नाहीत. घरासाठी लाल ठिपक्याचा लेसर मीटर वेगळा मिळतो, तो दीड-दोन मिलिमीटरपर्यंत अचूक असतो. पण बाहेर उन्हात त्याचा ठिपकाच दिसत नाही. आवाराची लांबी रेंजफाइंडरने खुशाल मोजा. काचेतून मात्र मोजू नका, परतलेला ठोका काचेचाच असू शकतो.

झाडाची उंची: शेंड्यावर झोत टिकत नाही, पानांतून आरपार जातो. त्यापेक्षा कोन बघत मागे मागे सरका. शेंडा ४५ अंशांवर आला की थांबा आणि बुंध्याचं आडवं अंतर मोजा. सपाट जमिनीवर तेवढं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, झाली झाडाची उंची.

जुनी_दुर्बीण:
एक चाचणी सगळ्यांनीच करा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर एकटा खांब शोधा. बटण दाबून धरून यंत्रात दिसणारी नेमाची चौकट डावीकडून खांबाकडे आणा आणि आकडा कधी उमटतो ते पाहा. मग उजवीकडून. झोत चौकटीच्या बरोबर मध्यावर असेल तर दोन्ही बाजूंना सारखं वागेल. तसंच खांबाच्या टोकावर वरून-खालून. बऱ्याच यंत्रांत झोत जरा सरकलेला निघतो. तो कुठे आहे हे कळलं की पानांच्या फटीतून नेमका खांदा धरता येतो. आणि कोपर झाडाला टेकवा. सहापट मोठं दिसतं तेव्हा हाताची थरथरही सहापट.

हे सगळं करताना माणसांच्या डोळ्यांवर यंत्र रोखू नका. बहुतेक यंत्रं वर्ग १ ची, म्हणजे सुरक्षित असतात, तरी सवय वाईट. अंतर बघण्यासाठी बंदुकीची दुर्बीण वापरणाऱ्यांना तर मी जागेवरच थांबवतो, कारण दुर्बिणीबरोबर नळीही तिकडेच रोखली जाते. काही ठिकाणी धनुष्यावर बसवलेली इलेक्ट्रॉनिक साधनं चालत नाहीत, तेव्हा परवान्याबरोबरचे नियमही वाचा.

पाऊलवाट:
आज मीटर लावून, फीत घेऊन त्या जागी परत गेलो. माझी जागा ओळखीची होती, ओली माती असल्याने खुरांचे ठसेही होते.

झुडपांची रांग ३५ मीटर. मागचं जाड खोड ५६ मीटर. म्हणजे ३८ आणि ६१ यार्ड, अगदी बरोबर. ठसे ४५ मीटरवर. चारपैकी एकही आकडा हरणाचा नव्हता.

तिरका_उतार यांच्या पद्धतीने मांडून पाहिलं. समजा मी बरोबर मीटर लावून झुडपाच्या ३५ वर विश्वास ठेवला असता, तर ४५ वर बाण ३४ सेंटिमीटर खाली गेला असता. चूक दुप्पट, घसरण अडीचपट. पायाला लागला असता.

खांबाची चाचणी पण केली. माझा झोत चौकटीच्या उजवीकडे आणि किंचित खाली आहे. त्यावर उपाय काही आहे का, की तेवढं धरूनच चालायचं?

जुनी_दुर्बीण:
धरूनच चालायचं. उघडून भिंग हलवायला जाऊ नका, वॉटरप्रूफ सील गेलं की पहिल्या पावसात आत धुकं धरेल. चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्याने मोजायची सवय लावा, आठवड्यात हात बसतो.

शंकेखोर:
भिंग पुसलं. आता ७ मीटर येत नाहीत. पण माझ्याही कोपऱ्यात ‘वाय’ निघालं.