अण्णांबद्दल लिहा, पण खरं लिहा

अण्णांना जाऊन येत्या श्रावणात वर्ष होईल. शोकसभा, भाषणं, हारतुरे यातलं काही त्यांना चाललं नसतं. म्हणून ज्यांनी त्यांच्यासोबत गाणं ऐकलं, डोंगर चढला किंवा नुसता कट्ट्यावर बसून चहा प्यायला, त्यांनी एकेक आठवण लिहावी अशी विनंती. 'थोर', 'ऋषितुल्य' असले शब्द कृपया नकोत. टेलिफोन खात्यात नोकरी, सदाशिव पेठेत दोन खोल्या, पेटी बऱ्यापैकी, गळा बेताचा, कान मात्र तयार, एवढी ओळख पुरे. मी त्यांचा मुलगा. ताईपासून सुरुवात करतो.

थोरली लेक

तंबोरा आणायला अण्णा मला मिरजेला घेऊन गेले तेव्हा मी शाळेत होते. मला वाटलेलं, दुकानात जायचं, पैसे द्यायचे, वस्तू घेऊन निघायचं. अख्खी दुपार गेली. भोपळा पंढरपूरकडचा आहे हे कारागिराने सांगितलं, तरी अण्णांनी तो टिचक्या मारून स्वतः ऐकला. मग जवारी, म्हणजे तारेला गुंजन आणणं. तारेखाली घोडीवर सुताचा दोरा घातलेला असतो. कारागीर तो केसाएवढा सरकवायचा, तार छेडायचा, अण्णा मान हलवायचे. पुन्हा सरकव, पुन्हा छेड. एकदाची तार गुंजायला लागली आणि दोघांनी एकदमच "हां!" म्हटलं. मला आधीच्या आणि त्या आवाजातला फरक तेव्हा ओ की ठो कळला नव्हता.

परतताना कोयना एक्सप्रेसमध्ये खिडकीची जागा गवसणीतल्या तंबोऱ्याला, मी मध्ये. टीसीनं "हे कोण?" म्हणून विचारलं. "घरचंच माणूस," अण्णा म्हणाले. जरंडेश्वरचा डोंगर दिसायला लागला तसे उठून दारात गेले आणि सातारा रोड स्टेशन येईपर्यंत मला कल्याणगडाची वाट कुठून चढते ते दाखवत राहिले. तंबोरा सांभाळायला शेजारच्या आजींना सांगून!

रविवारचा सोबती

आम्ही सिंहगडवाले. आतकरवाडीतून चढायचं, देवटाक्याचं पाणी प्यायचं, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं आणि बाराच्या आत घरी. नवीन पोरं सुरुवातीलाच धावत सुटायची. अण्णा म्हणायचे, "अरे, विलंबितात सुरू करा, द्रुत आपोआप येते." पहिल्या टप्प्यावर तीच पोरं धापा टाकत बसलेली असायची. अण्णा त्यांच्यासमोरून जाताना काही बोलायचे नाहीत, फक्त खिशातला आवळा काढून द्यायचे.

इतका गाणंवेडा माणूस डोंगरावर कधी गायला नाही, हे लिहायलाच हवं. रेडिओसुद्धा आणू द्यायचा नाही. पावसाळ्यात ओढ्याच्या झाडीत शीळकरी कस्तूर बोलायला लागला की मात्र आम्हा सगळ्यांना जागच्या जागी थांबवायचा. त्या पाखराची शीळ अगदी माणसासारखी, रेंगाळत वर-खाली जाणारी. ओल्या दगडावर छत्री टेकून अण्णा ऐकायचे आणि शेवटी ठरलेली तक्रार करायचे: "फिरत सुरेख आहे, पण लेकाचा समेवर येत नाही."

तबल्यावर बसणारा

गुरुवारच्या बैठकीत मी डग्गा जरा जोरात वाजवला की अण्णा पेटी वाजवायची थांबून खिडकी बंद करायचे. अपमान कसा करावा हे त्यांच्याकडून शिकावं. साथ मात्र अशी, की गाणाऱ्याला आपण बरे गातोय असं वाटावं. स्वतः मध्ये घुसायचे नाहीत. बिनसाखरेचा चहा त्यांच्याच हातचा, आणि तो वाईट असायचा.

जावई

लग्न ठरल्यावर त्यांनी मला सवाईला, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला बोलावलं. तेव्हा महोत्सव रमणबागेत, रात्रभर चालायचा. माझा आणि ख्यालाचा संबंध शून्य. तीनच्या सुमारास मी भारतीय बैठकीवर चक्क आडवा झालो. जाग आली तेव्हा माझ्या अंगावर त्यांची शाल होती आणि हे डिसेंबरच्या थंडीत नुसत्या सदऱ्यात ताठ बसलेले. शेवटी भीमसेन जोशी गायला बसले तेव्हा मला कोपराने ढोसलं, "आता झोपलात तर लग्न मोडेन." बायकोला नंतर म्हणाले, मुलगा चांगला आहे, घोरत नाही.

पुढे रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम आला, रात्रीची मैफल गेली. 2018 ला महोत्सव मुकुंदनगरला हलला तेव्हा रिक्षाभर कुरकुर चालू होती. आत तंबोरे लागले आणि थांबली.

आई (मी सांगतेय, नात लिहून घेतेय)

सगळे गोड गोड लिहितायत, म्हणून मी लिहवून घेते. हे रविवारी पहाटे निघून जायचे तेव्हा दोन लहान मुलं, सासूबाईंचं पथ्य आणि नळाचं पाणी माझ्या डोक्यावर असायचं. गाण्याला जाताना विचारायचे, डोंगरावर जाताना नुसतं सांगायचे. मी एकदा चांगली भांडले. त्यानंतर दर रविवारी दुपारचा स्वयंपाक यांच्याकडे गेला तो कायमचा. पहिलं वर्षभर फक्त खिचडी खाल्ली आम्ही.

रायगडाला 1996 मध्ये रोपवे झाला तेव्हा "असं वर जाणं म्हणजे जाणं नव्हे" म्हणून यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. माझे गुडघे गेले, आणि एक दिवस स्वतःच दोन तिकिटं काढून मला पाळण्यात बसवलं. वर जाईपर्यंत डोळे मिटून होते. तत्त्वासाठी म्हणाले, पण भीती वाटत होती. दरी खाली हलताना त्यांनी कधी बघितलीच नव्हती ना. वर समाधीपाशी बसलो, मला बाजारपेठ दाखवली, दर दहा पावलांना "दुखतंय का" विचारत होते. तेवढा एकच गड आम्ही दोघांनी मिळून केला.

शेवटच्या आजारपणाबद्दल मला काही सांगायचं नाही.

नातू

आजोबांनी मला राजगडाच्या चोर दरवाजाच्या चढावर झपताल शिकवला. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. एका मात्रेला एक पाऊल. ताल चुकला की थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा पहिल्यापासून. मी मुद्दाम चुकायचो. त्यांना ते कळत होतं असं आता वाटतं, कारण ते पण पाणी प्यायचे.

खालच्या मजल्यावरचे

आम्हाला ना गाण्यातलं कळतं, ना डोंगरातलं. पहाटे साडेचारला जिन्यात बूट हातात घेऊन उतरणारा दुसरा माणूस आम्ही पाहिला नाही.

पुन्हा मुलगा

अजून लिहा, घाई नाही. दोन कामाच्या गोष्टी. त्यांच्या कॅसेटींपैकी बऱ्याच उसन्या आहेत. ज्यावर त्यांच्या अक्षरात 'परत द्यायची' असं लिहिलंय त्या पिशवीत वेगळ्या काढल्यात. आपली ओळखून घेऊन जा. आणि आषाढातल्या पहिल्या रविवारी आतकरवाडीत सहाला जमायचं, पाऊस असला तरी. स्पीकर आणणाऱ्याला पायथ्याशी चहा पाजून पहिल्या बसने स्वारगेटला परत पाठवलं जाईल. आई येणार नाहीये, पण दुपारी जेवायला सगळ्यांनी घरी यायचंय. खिचडी मी करणार आहे.