मदत हवी आहे : शिकार-संवर्धन गटातली भाऊबंदकी कशी आवरायची?

मंडळी, आमचा परवानाधारक शिकारी आणि पाणथळ जागा राखणाऱ्यांचा एकत्र गट आहे. वर्षभर काम कमी नि हमरीतुमरीच जास्त चाललीये. धनुष्यवाले क्रॉसबोवाल्यांना (घोडा दाबून बाण सोडणाऱ्यांना) खिजवतात, रायफलवाले दोघांनाही.

परवा तर कहर झाला. एकाने शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरून बघा, एवढंच सुचवलं. सोबत मारलेल्या हरणाचा एक्स-रे दाखवला. जखमेपासून वीतभर लांब शिशाचे कण विखुरलेले, काही तर मोहरीपेक्षाही बारीक. टाकून दिलेली आतडी खाणाऱ्या गरुड-गिधाडांना त्यातूनच विषबाधा होते. पण एक्स-रे बघतो कोण? 'हा शिकारविरोधकांचा माणूस', शिक्का बसला! अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे बंद आहेत. शिकार बंद पडली नाही.

दुसरी, म्हणजे पाणथळ राखणाऱ्यांची बाजूही काही धुतल्या तांदळाची नाही. बंदूक दिसली की माणूस खाटीक. अमेरिकेतल्याच १९३७ च्या कायद्यामुळे बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो, हे सांगितलं की लगेच विषय बदलतात. लांडगे मारावेत की राखावेत, हा विषय तर मी काढायचाच सोडलाय.

कुणी असा गट सांभाळलाय का? वादाचे विषय बंदच करावेत, की दोन्हीकडच्यांना आधी पाणथळीतलं तण काढायला एकत्र जुंपावं? आणि तो एक्स-रेवाला गट सोडायच्या बेतात आहे. त्याला कसं थांबवू?