काकडूतली शैलचित्रं: आईबाबांना घेऊन उबिर जमेल का?

भटकी_माऊ:
जुलैच्या शाळेच्या सुट्टीत सिडनीहून डार्विनला चाललोय. नाशिकहून आईबाबा आलेत, बाबांचे गुडघे कुरकुरतात, आणि नवरा म्हणतोय की डार्विनहून सकाळी निघून काकडू नॅशनल पार्क बघून रात्री परत येऊ. मला तिथल्या उबिरच्या कातळांवरची आदिवासींची चित्रं बघायचीच आहेत. एका दिवसात होतं का? चढ किती आहे? आणि मुलं (९ आणि ६) कंटाळतील का हो?

डार्विनकर:
एका दिवसात नका करू, प्लीज. डार्विन ते जबिरू (काकडूतलं गाव) हेच साधारण २५० किमी, तीन तास धरा, आणि उबिर तिथून अजून ४०एक किमी. उबिरची मजा संध्याकाळी आहे, वर नादाब व्ह्यूपॉइंटवरून ते हिरवं गवताळ मैदान आणि सूर्यास्त, आणि ते बघून अंधारात डार्विन गाठायचं म्हणजे रस्त्यात कांगारू नाहीतर रानम्हशी, शिवाय भाड्याच्या गाडीचे कागद नीट वाचा, इकडे बरेच जण शहराबाहेर रात्री चालवू देत नाहीत. जबिरूत मुक्काम करा. बाबांची काळजी नको, चित्रांची फेरी १ किमीची आहे आणि बहुतेक सपाट. व्ह्यूपॉइंटचा चढ छोटा पण खडबडीत, त्यांना खाली सावलीत बसवा. पार्कचा पास आधी ऑनलाइन काढा. जुलैत हवा झकास असते, ऑक्टोबरमध्ये आलात तर भाजून निघाल.

सुरमई_फ्राय:
मुलं अजिबात कंटाळणार नाहीत. मेन गॅलरीत बारामुंडी मासे एक्सरे स्टाइलमध्ये काढलेत, म्हणजे आतला काटा, पोटातले अवयव सगळं दिसतं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, मासा साफ कसा करायचा ते पण काढून ठेवलंय! खिशात हात घालून उभा असलेला गोरा माणूसही आहे, तो शोधायला लावा पोरांना. आणि एका ठिकाणी पार वर, हात पोचणारच नाही अशा छतावर लाल चित्रं आहेत. तिथले लोक सांगतात की ती मिमींनी काढली, मिमी म्हणजे काडीसारखे बारीक आत्मे, ते छत खाली ओढून घ्यायचे, चित्र काढायचे आणि परत वर ढकलायचे. पट्टेवाला थायलसिन (टास्मानियन टायगर) पण बघा, हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून २००० वर्षांहून आधीच संपलाय, म्हणजे चित्राचं वय काय ते करा हिशोब.

पुणेरी_टोमणे:
भीमबेटका बघितलंय मी. लाल रंगाचे प्राणी इथेपण आणि तिथेपण, त्यासाठी एवढा खर्च?

कातळवेडा:
@पुणेरी_टोमणे, मी राजापूरचा, आमच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, ती कोणी कोरली, कशासाठी, हे सांगणारं कोणी उरलं नाही. काकडूत चित्रांची गोष्ट माहीत असलेले बिनिंज लोक, म्हणजे तिथले मूळ आदिवासी, अजून तिथेच आहेत, पार्कातली बरीच जमीन त्यांच्या मालकीची आणि पार्कचा कारभार सरकारसोबत मिळून चालवतात. बुरुंगकुयला (जुनं नाव नॉरलँजी) अनबांगबांग गॅलरीतली काही चित्रं तर १९६०च्या दशकातली आहेत, जुन्यावर परत रंगवणं ही तिथली रीतच. तिथे नामारगोन बघा, वीज पाडणारा, कोपरांना-गुडघ्यांना दगडी कुऱ्हाडी बांधलेल्या, त्या आपटल्या की गडगडाट. नुसतं फोटो मारत फिरलात तर खरंच लाल प्राणीच दिसतील, सुक्या सीझनमध्ये रेंजर फुकट गोष्टी सांगतात, त्याची वेळ बघून जा.

भटकी_माऊ:
थँक्यू सगळ्यांना! जबिरूत दोन रात्री बुक करतेय. फोटो चालतात ना? आणि मगरी??

डार्विनकर:
फोटो घरच्यासाठी चालतात, जिथे नको असा बोर्ड असेल तिथे नाही, आणि चित्रांना हात लावायचा नाही हे धाकट्याला आधीच बजावा. मगरी आहेतच, उबिरजवळच काहिल्स क्रॉसिंगवर भरतीच्या वेळी मासे खायला गोळा होतात, कठड्यामागून बघा, पाण्याच्या काठाला जाऊ नका. ते क्रॉसिंग ओलांडू पण नका, पलीकडे आर्नहेम लँड, म्हणजे आदिवासींचा प्रदेश, तिथे वेगळं परमिट लागतं.